निर्णय रद्द झाला, वर्ष गेलं

जून २०२३ मध्ये ज्या मुलांची नावं आम्ही पहिलीच्या पटावर घेतली, ती २०२५ च्या दिवाळीला तिसरीच्या मध्यावर आली आहेत. पाच मुली, चार मुलगे. या काळात त्यांच्या ताटात अंडं आलं आणि गेलं. पुस्तकात वहीची कोरी पानं आली आणि गेली. गणवेश कोण शिवणार याचं उत्तर बदललं आणि पुन्हा पहिल्या जागी आलं. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या वर्गात तिसरी भाषा आली ती बारा दिवसांत माघारी फिरली. छोट्या शाळेला कायम शिक्षक द्यायचा, कंत्राटी द्यायचा की निवृत्त, यावर आदेश निघाले, बदलले. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून प्रश्न असा आहे की त्यांना शिकवणारा माणूस मुळात शिकवायला पात्र आहे की नाही.

तो माणूस मी. बालाघाटच्या डोंगरात, जिथून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, तिथल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवतो. चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट चौतीस. गावाचं नाव देत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि शासनाच्या धोरणावर लिहिणारा मास्तर त्या नियमांत कुठे बसतो हे तपासायची हौस मला नाही. सोबतच्यांची नावंही त्याच कारणाने नाहीत.

शिक्षणाच्या बातम्या वाचताना वाटतं, हे सगळे वेगवेगळे वाद आहेत: हिंदीचा वाद, शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटीचा) निकाल, पटसंख्या, पोषण आहार. शाळेच्या दारातून आत येताना ते वेगळे राहत नाहीत. सगळे एकाच खात्यातून वसुली करतात, ते खातं म्हणजे शिक्षक आणि मूल एकमेकांसमोर असतात तो वेळ. निर्णय चुकला म्हणून मागे घेता येतो. मंत्रालयाच्या भाषेत जुना शासन निर्णय ‘अधिक्रमित’ होतो, म्हणजे तो जणू निघालाच नव्हता असं पुढचं कामकाज चालतं. दुसरीतल्या मुलीची दुसरी मात्र अधिक्रमित होत नाही. ती तिला एकदाच मिळते.

अंड्याचं घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं की आठवड्यातून एकदा मुलांना अंडं, आणि न खाणाऱ्याला केळ किंवा दुसरं फळ. एका अंड्याला पाच रुपये धरले होते. हिवाळ्यात आमच्या बाजारात अंडं त्या भावात मिळत नाही, वरचे पैसे कुठून तरी उभे करावे लागतात, हे खरं. पण त्या दिवशीची हजेरी पाहायला हवी होती! आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना महिना अडीच हजार रुपये मानधन होतं. त्या बुधवारी अर्धा तास आधी यायच्या, कारण पोरं दहापासून चुलीभोवती घुटमळायची. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आदेश आला: अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक, त्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, लोकसहभागातून द्यावं. आमच्या गावात लोकसहभाग करायला नोव्हेंबर ते एप्रिल लोकच नसतात. त्यांचं पुढे येईल.

गणवेशाची गोष्ट तर सगळ्या राज्याने पाहिली. पूर्वी पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, आम्ही तालुक्याला जाऊन माप देऊन शिवून आणायचो. ‘एक राज्य एक गणवेश’ आलं, कापड वरून खरेदी झालं, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. २०२४-२५ मध्ये राज्यातल्या असंख्य शाळांत १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झालं. स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचं नुसतं कापड आलं, शिलाईला ११० रुपये धरून. त्या दरात शिवायला कुठला शिंपी तयार होणार? डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला, खरेदी पुन्हा समितीकडे आली. कोऱ्या पानांच्या पुस्तकांचंही तेच. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ पासून पुस्तकांचे चार भाग करून प्रत्येक पाठामागे लिहायला पानं जोडली, मुलांनी वह्या आणणं काही थांबवलं नाही, आणि २०२५-२६ पासून पानं निघून गेली. मला स्वतःला ती कल्पना वाईट वाटली नव्हती. ज्या घरात वही विकत घेणं हाच एक खर्च असतो, तिथे पुस्तकातलं कोरं पान उपयोगी पडत होतं. पण ते पान कशासाठी वापरायचं हे शिक्षकांना नीट समजावून सांगण्याआधीच योजना संपली.

हिंदीच्या प्रकरणावर एवढं लिहून आलं आहे की मी फक्त वर्गातून काय दिसलं तेवढं सांगतो. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा होता. आठवडाभरात शिक्षणमंत्र्यांनी अनिवार्य हा शब्द काढणार असल्याचं सांगितलं. शाळा १६ जूनला उघडल्या आणि १७ जूनला सुधारित निर्णय आला: तिसरी भाषा ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी मागणी करावी, म्हणजे शिक्षक मिळेल, नाहीतर ऑनलाइन. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, बऱ्याच शाळांचा चारही वर्गांचा मिळून पट वीस भरत नाही. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ५ जुलैला मुंबईत वरळीला सक्तीला विरोध करणाऱ्यांचा विजयाचा मेळावा झाला. त्या पंधरवड्यात आम्ही काय करत होतो? पहिलीच्या वेळापत्रकात तिसऱ्या भाषेच्या तासिका बसवत होतो आणि मग काढत होतो. दोनशिक्षकी शाळेत वेळापत्रक बदलणं म्हणजे चार वर्गांचं गणित नव्याने मांडणं, कारण पहिलीला तोंडी काम चालू असताना दुसरीला लेखी द्यावं लागतं, तिसरीला कृती, चौथीला वाचन.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकली नाही. माझ्या पहिलीच्या वर्गात तांड्यावरची जी मुलं बसतात, त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. घरी गोरमाटी बोलतात. आईला याडी म्हणणारं मूल पहिल्या दिवशी शाळेत येतं तेव्हा त्याच्यासमोर मराठीचं पुस्तक असतं आणि, २००० सालापासून, पहिलीपासूनचं इंग्रजीही असतं. मराठीच्या बाजूने मीही आहे, पगार मराठी शिकवण्याचाच घेतो. पण पहिली भाषा, दुसरी भाषा, तिसरी भाषा या मोजणीत या मुलांची घरची भाषा धरलीच जात नाही, हे त्या चर्चेत ना इकडच्यांनी म्हटलं ना तिकडच्यांनी.

आता टीईटी.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या पीठाने निकाल दिला. प्रकरण आपल्याच राज्यातून गेलं होतं, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन, सोबत तमिळनाडूतली अपिलं. मुळातला वाद अल्पसंख्याक शाळांना शिक्षक पात्रता परीक्षा लागू होते का हा. त्यातला अल्पसंख्याकांचा भाग मोठ्या पीठाकडे गेला. पण बाकीच्यांसाठी निकाल स्पष्ट आहे. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरली आहेत त्यांना परीक्षा न देता नोकरीत राहता येईल, बढती मात्र मिळणार नाही. ज्यांची सेवा त्याहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची किंवा सक्तीने निवृत्त व्हायचं.

प्राथमिक शिक्षक अठ्ठावन्नला निवृत्त होतो. म्हणजे आमच्यात आता त्रेपन्न हे वय सीमारेषेसारखं झालं आहे. आमच्याच केंद्रात डी.एड.ला एका बाकावर बसलेले दोन गुरुजी आहेत. एकाने त्रेपन्न ओलांडलं, तो सुटला. दुसरा काही महिन्यांनी धाकटा, तो आता बालमानसशास्त्राची गाइड घेऊन बसला आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोघे शेजारी बसतात आणि पहिला दुसऱ्याला पियाजेच्या अवस्था विचारून छळतो.

मी २००३ चा. शिक्षणसेवक म्हणून तीन हजार रुपये मानधनावर लागलो, तीन वर्षं तेवढ्यावर काढली. आमच्या वेळी पात्रता म्हणजे बारावी, डी.एड. आणि गुणवत्ता यादी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने टीईटी आणली, आणि त्याच अधिसूचनेत आधी लागलेल्यांना वगळलं. राज्यात पहिली टीईटी झाली २०१३ मध्ये. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अपात्र शिक्षकांनी मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवावी असं म्हटलं गेलं. आमच्यासारख्यांना तेव्हाही सगळ्यांनी सांगितलं, ते तुम्हाला नाही. आता न्यायालय म्हणतं, आहे.

याबद्दल शिक्षकांत जो सूर लागला आहे तो मला पुरता पटत नाही. एवढी वर्षं शिकवलं म्हणून परीक्षा नको, हा युक्तिवाद आपण मुलांना करू देत नाही. पालकाला आपल्या मुलासमोर उभा असलेला माणूस काय जाणतो हे विचारायचा हक्क आहे. आणि याच परीक्षेचा घोटाळा आपल्या राज्यात २०२१ मध्ये उघडकीला आला, परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली, पुढे सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूरकडे बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं, ज्यात कागदोपत्री शिक्षक झालेल्यांना पगार चालू होते. अशा बातम्या वाचून गावातला माणूस माझ्याकडे बघतो तेव्हा त्याच्या नजरेतला प्रश्न मला समजतो.

माझा आक्षेप परीक्षेत काय विचारतात यावर आहे. पहिल्या पेपरला दीडशे गुण: बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकाला तीस. खुल्या गटाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. सगळे प्रश्न पर्यायी. एका खोलीत दोन इयत्ता बसवून दोघींना एकाच वेळी कामात कसं ठेवायचं, हे दीडशे गुणांत कुठे तपासलं जातं? घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला अक्षर कसं द्यायचं? एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलाला सहा महिन्यांचं कसं भरून काढायचं? बहुवर्ग शाळेतलं काम ज्यात आहे अशी परीक्षा काढा, मी पहिल्या रांगेत बसतो. एरवी या परीक्षेचा निकाल बहुतेक वर्षी एक आकडी टक्क्यांत लागतो. ही परीक्षा शिक्षक निवडते की फक्त संख्या कमी करते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. शासनापुढे असायला हरकत नाही.

आमच्या शाळेत यातून एक गंमत झाली आहे. माझ्या सहकारी बाई २०२४ च्या पवित्र पोर्टलच्या भरतीतून आल्या, विदर्भातल्या आहेत, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. टीईटी उत्तीर्ण, अभियोग्यता चाचणी उत्तीर्ण, सध्या शिक्षणसेवक. मानधन सोळा हजार, त्यातून खोलीभाडं आणि गावी जायचं एसटीचं भाडं. कागदाने त्या पात्र आणि कच्च्या, मी पक्का आणि अपात्र. मधल्या सुट्टीत त्या मला अध्यापनशास्त्राचे जुने प्रश्न सोडवायला देतात. कोहलबर्ग आणि वायगोत्स्की माझ्या डोक्यात अदलाबदल करतात तेव्हा त्या हसत नाहीत, ही त्यांची चांगली सवय. उलट बाजूने, पहिलीच्या मुलाला काना-मात्रा शिकवताना रडू आलं की काय करायचं, ते त्या मला विचारतात.

त्या वर्षीची टीईटी २३ नोव्हेंबर २०२५ ला ठरली होती. फॉर्म भरण्याची मुदत दिवाळीआधीच संपली होती. त्या दिवाळीत कितीतरी शिक्षकांच्या घरी फराळाच्या डब्याशेजारी सराव प्रश्नपत्रिका होत्या. अभ्यासाला वेळ लागतो आणि तो वेळ घरातल्या कामातून तरी जातो किंवा वर्गातून तरी. घरातलं काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला असतं, म्हणून शिक्षिकांची ओढाताण दुप्पट आहे. निकालाविरुद्धच्या मोर्चांतल्या भाषणांत हे फारसं येत नाही.

एकीकडे पात्रतेची धार अशी लावली जात असताना दुसरीकडे शिक्षक किती द्यायचे याचे निकष पातळ होत आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सरळ लिहिलं आहे: पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांच्यासाठी किमान एकेक, म्हणजे तीन. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथल्या पदावरच फुली मारली. डोंगरातल्या शाळेत सहावी ते आठवीत वीस मुलं जमणं म्हणजे गावात यंदा पाणी टिकलं, कुणी पुण्याला गेलं नाही, आणि खाजगी शाळेची पिवळी बस अजून या रस्त्यावर आलेली नाही, एवढं सगळं एकत्र जुळणं. नाही जुळलं, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने शेजारच्या गावी चालत जायचं. किती मुली जातील हे शासनातल्या माणसाला समजत नसेल असं मी मानत नाही.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजारांच्या मानधनावर कंत्राटी किंवा निवृत्त नेमायचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले, याच सुमारास मर्यादा वीसवरून दहावर आली, पुढे आणखी बदल झाले. त्याच्या आदल्या वर्षी समूह शाळांची कल्पना होती, छोट्या शाळांतली मुलं बसने एका मोठ्या शाळेत आणायची. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार मुलं शिकतात, हे शासनाचेच तेव्हाचे आकडे. दर शाळेमागे बारा-तेरा मुलं. हिशेब करणाऱ्याला ही उधळपट्टी दिसते. ज्याचं गाव रस्त्याच्या शेवटी आहे त्याला ती एकमेव सरकारी इमारत दिसते, जिथे रोज कुणीतरी येतं.

पद ठरतं ते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि पटावर धरतात ते आधार वैध असलेलं मूल. जिवंत, हजर, पाढे म्हणणारं मूल यूडायस या शाळांच्या ऑनलाइन नोंदीत ‘मिसमॅच’ दाखवत असेल तर शिक्षकाच्या मान्यतेसाठी ते नाही. आमच्याकडे मुलांचे जन्म फडात होतात, कधी कर्नाटकात, कधी सांगलीकडे. जन्माच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आजी हाक मारते तिसऱ्यानेच. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात जो पूर आला त्याने सिंदफणा, सीना, मांजरा काठची गावं पाण्यात गेली, सोयाबीन कुजलं, घरातल्या कागदांचा लगदा झाला. आमचं गाव उंचावर म्हणून वाचलं. पण आधार दुरुस्तीला जायचा रस्ता खाली होता. एकीकडे शाळांना सुट्टी जाहीर होत होती, दुसरीकडे शिक्षकांच्या गटावर संदेश येत होता की पट अद्ययावत करून आजच माहिती सादर करावी.

‘आजच’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. शाळेत येणाऱ्या पत्राला आम्ही अजून टपाल म्हणतो, येतं ते व्हॉट्सॲपवर. लिंक असते, एक्सेल असते, जिओटॅगचा फोटो असतो, आणि शेवटी ओळ असते की माहिती निरंक असल्यास निरंक कळवावं. काही घडलेलं नाही हे कळवायलाही वर्गातून उठून रेंज येते त्या बांधापर्यंत जावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची यादीच केली. यादी झाली, टपाल थांबलं नाही. आणि तीन अपवादांत, आणि त्यांच्या बाहेरही, किती मावतं ते पाहा: जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगासाठी घरोघरचं सर्वेक्षण, एप्रिल-मे मध्ये लोकसभा, नोव्हेंबरमध्ये विधानसभा, मधल्या काळात मतदार याद्या, २०२५-२६ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका, आणि पुढे २०२७ ची जनगणना, जिची घरयादी २०२६ मध्येच. माझ्या नऊ मुलांची चौथी संपेपर्यंत एकही वर्ष या कामांशिवाय जाणार नाही.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये तो आकडा १६.३ होता. म्हणजे करोनानंतर वर चढतो आहे, आणि तो कुठल्या पोर्टलने चढवलेला नाही. पण चारातली तीन मुलं अजून तो उतारा वाचत नाहीत. आमच्या नऊपैकी जी अडखळतात त्यांची हजेरी काढली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: ती सगळी फडावर जाऊन आलेली आहेत.

२०२५ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून ठरला होता. मुकादमाची उचल घेऊन झाली होती. पुरात सोयाबीन गेल्यामुळे जी घरं एरवी जात नव्हती त्यांनीही उचल घेतली, असं गावात म्हणतात. कोयता म्हणजे जोडपं, त्यामुळे घरात मागे राहतात ती म्हातारी माणसं. म्हातारं माणूस धड असेल तर मूल राहतं, नसेल तर टायरगाडीत बसून जातं. आणि मुलगी मोठी असेल तर फडावर धाकट्याला सांभाळायला जातेच. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्यातून मागे राहिलेल्या मुलाच्या जेवणाची सोय होते. ती वेळेवर सुरू झाली तर खरोखर मुलं थांबतात, हे मी पाहिलं आहे. प्रस्ताव दिवाळीआधी मंजूर व्हावा लागतो, कारण टोळी निघाल्यावर मंजूर झालेलं वसतिगृह कुणाच्या उपयोगाचं? स्थलांतर करणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. त्यावर त्याला काय येतं ते लिहिलेलं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घ्यावं. कारखान्याजवळची शाळाही आमच्यासारखीच असते: दोन शिक्षक, एक टीईटीला, एक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. एके काळी फडाशेजारी साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना नियमित शाळेतच घालावं असं ठरलं आणि त्या आटत गेल्या. तत्त्व बरोबर होतं. फडापासून शाळा चार किलोमीटर असते आणि आई-बाप पहाटे चारला उसात उतरलेले असतात, एवढंच.

एका घरी कार्ड द्यायला गेलो होतो. तिसरीतली मुलगी, वर्गात सगळ्यात स्वच्छ वाचणारी. आजीला म्हटलं, हिला ठेवून घ्या, जेवणाचं आम्ही बघतो. आजी म्हणाली, “गुरुजी, ठिवते की. पर तुमी असता का तवर हितं? लोक म्हंत्यात तुमची परीक्षा हाय.”

बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

याच व्यवस्थेत चांगलंही घडतं, आणि ते घडताना आम्ही पाहतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. पट अगदी तीनवर आलेली ती शाळा होती. आजच्या निकषांनी कधीच मिटली असती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हाही सत्काराचे हार कमी पडले नव्हते. मला या दोन्ही शाळांचा अभिमान आहे. एकच म्हणणं आहे, त्यांच्याकडून शिकायची गोष्ट डिजिटल फळा नव्हे. तिथे एका शिक्षकाला एका जागी, गावाला सोबत घेऊन, सलग काही वर्षं एकच काम करता आलं. सलगपणा मात्र कुठल्याच योजनेत पुरवला जात नाही.

हे कुणाला सांगायचं, हाही प्रश्न आहे. या शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या याचसाठी की गावच्या शाळेचा कारभार गावाजवळच्या निवडलेल्या माणसाकडे असावा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत तिथे प्रशासकच होते. म्हणजे माझ्या तिसरीच्या मुलांनी शाळेत पाऊल ठेवल्यापासून तोवर त्यांच्या शाळेला शिक्षण सभापती नव्हता. पूर्वी सभापती येऊन आरडाओरडा करायचे, नातेवाइकांच्या बदल्या मागायचे, हे सगळं खरं. पण गणवेश आला नाही तर त्यांच्या दारात जाऊन आया बसायच्या, हेही खरं. आता आया माझ्याकडे येतात, मी लिंक भरतो.

आमच्या केंद्रात दिवाळीआधीच्या शिक्षण परिषदेत यावर बोलणं निघालं. निवडणूक आली की आचारसंहिता लागते, मग महिना-दीड महिना शासनाला नवा निर्णय घेता येत नाही, आणि त्याने राज्य काही बुडत नाही. तशी शैक्षणिक वर्षाला आचारसंहिता का असू नये? जून ते एप्रिल या काळात पुस्तक, गणवेश, आहार, भाषा, तासिका, यांपैकी काही बदलायचं असेल तर खुशाल ठरवा, लागू मात्र पुढच्या जूनपासून करा. ते ठरवताना दोनशिक्षकी शाळेतला एक तरी माणूस खोलीत असू द्या. आणि चालू योजना बंद करायची असेल तर ती किती मुलांपर्यंत पोचली होती एवढं त्याच आदेशात लिहा. टीईटीसाठी हेच: दोन वर्षांची मुदत न्यायालयाने दिली आहे, तर त्या दोन वर्षांत उन्हाळी सुट्टीत प्रशिक्षण आणि सुट्टीतच परीक्षा ठेवायला शासनाला कुणी अडवलेलं नाही. पंचवीस-तीस शिक्षक होते, माझ्या आठवणीत पहिल्यांदा कुणी मोबाइलमध्ये पाहत नव्हतं. त्रेपन्न ओलांडलेल्या गुरुजींनी प्रस्ताव मांडला, न ओलांडलेल्यांनी अनुमोदन दिलं.

इतिवृत्त दोन दिवसांनी गटावर आलं. आमचा प्रस्ताव ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात एका ओळीत आहे. त्याच्या वरचा विषय निपुण चाचणीच्या गुणांची ऑनलाइन नोंद, आणि खालचा, टीईटीसाठी २२ नोव्हेंबरची रजा मागणाऱ्यांनी अर्ज आजच सादर करावेत.